दोनशे पंधरावा नमुना

कीर्ती शिवशरण रिक्षातून उतरली तेव्हा 'अचूक' प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर सात-आठ माणसं बसली होती. रक्त-लघवी तपासायला आलेली माणसं अशी बसत नाहीत. ती हातात चिठ्ठी धरून सारखी आत डोकावतात. ही माणसं मात्र भिंतीला टेकून, दिवसभर हलायचं नाही अशा तयारीनं आली होती. सगळे टँकरचे चालक होते.

त्यांच्यात बाई एकच होती. कीर्तीच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून ती उठली.

"बाई, तुमी सरकारच्या काय?"

"हो. तपासणीला आलेय."

"मग ह्यांचं परत तपासा की. ह्ये बिडीसुदिक वडत न्हाईत. मंगळवेढ्याकडं आमच्या गावात कुणालाबी इचारा."

"मायाक्का, बस खाली," तिचा नवरा म्हणाला. पंचेचाळिशीचा माणूस, शर्टाची गळ्यापर्यंत लावलेली बटणं. त्याचं नाव सिद्धाप्पा बंडगर. एकोणीस वर्षं तो ऑक्सिजनचा टँकर चालवत होता. आठ दिवसांपूर्वी याच प्रयोगशाळेत त्याच्या लघवीत अफूचा अंश निघाला आणि त्याच संध्याकाळी कंपनीनं त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"आज चारला सुनावणी हाय मॅडम," तो म्हणाला. "लायसन गेलं की गेलं. कंपनीवाले म्हणत्यात, पोलिसांत बी देनार."

तपासणीआधी तोंडातून आश्वासन निघू द्यायचं नाही, एवढं कीर्ती अकरा वर्षांच्या नोकरीत शिकली होती. ती पायऱ्या चढून आत गेली.

मार्चमध्ये महामार्गावर ॲसिडचा एक टँकर उलटला होता. चालक नशेत होता. त्यानंतर जिल्ह्यातल्या धोकादायक माल वाहणाऱ्या सगळ्या चालकांची पंधरा दिवसांत चाचणी करायचा हुकूम निघाला. एवढ्या लवकर निविदा काढून किट कुठून आणणार? म्हणून तातडीचा पुरवठा आदेश निघाला: एका पुरवठादाराकडून थेट किट घ्यावेत, त्याचं प्रमाणपत्र ग्राह्य धरावं, चाचण्या ताबडतोब सुरू कराव्यात. काम 'अचूक'ला मिळालं. कीर्ती जिथं काम करायची त्या प्रयोगशाळा देखरेख कक्षाकडे फक्त निकालांचे आकडे यायचे.

आकडे बघूनच ती आज इथं आली होती. दोनशे चौदा चालकांपैकी सदतीस जण दोषी, आणि सदतीसही एकाच अमलाचे, अफूचे. याआधी कुठल्याही वर्षी शंभरात दोन-तीनच्या वर कुणी सापडलं नव्हतं. तिचे वरिष्ठ विरेश बिराजदार यांनी फाईल परत सरकवत म्हटलं होतं, "शिवशरण, जाऊन फॉर्मवर खुणा करून या. तातडीच्या आदेशात फार खोल जायचं नसतं."

प्रयोगशाळेचे मालक डॉ. कुमार हत्तुरे दारापर्यंत घ्यायला आले. थंड ताक मागवू का, म्हणाले. कीर्ती नको म्हणाली आणि किटचा साठा दाखवा म्हणाली.

साठा आतल्या खोलीत होता. खोलीत एसी होता, खोकी नीट रचलेली होती. प्रत्येक खोक्यावर लिहिलं होतं: तीस अंशांच्या वर ठेवू नये. पण त्या मजकुराखाली एक गोल डाग होता, चिकटवलेलं काहीतरी खरवडून काढल्यासारखा. चारही खोक्यांवर तसाच.

"इथं तापमानाचं स्टिकर असतं," कीर्ती म्हणाली. "माल तापला की लाल होणारं."

"आलं तेव्हाच नव्हतं मॅडम."

मशीनपाशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञ मुलीनं एकदम मान खाली घातली. तिच्या कोटावर नाव होतं: चैताली. कीर्तीनं ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

"माल सोलापुरात कधी उतरला?"

"बारा एप्रिलला."

"आणि तुमच्याकडे सोळाला आला. मधले चार दिवस कुठं होता?"

"ट्रान्सपोर्टच्या गोदामात असणार. तो पुरवठादाराचा प्रश्न."

बारा ते सोळा एप्रिल. त्या आठवड्यात शहराचा पारा त्रेचाळीसच्या खाली आला नव्हता, आणि ट्रान्सपोर्टची गोदामं म्हणजे पत्र्याच्या शेड. आत किती तापलं असेल हे सांगायला यंत्राची गरज नव्हती.

"निगेटिव्ह कंट्रोल काढा," कीर्ती म्हणाली. म्हणजे कुठलाही अंमल नसल्याची खात्री असलेला नमुना. किट बरोबर चालतंय का, हे आधी त्यावर बघायचं असतं.

"ते आदेशात नव्हतं. फक्त किट आले."

"म्हणजे दोनशे चौदा माणसं तपासली आणि किट एकदाही तपासलं नाही?"

हत्तुरे हसले. "मॅडम, पंधरा दिवस दिले होते. प्रमाणपत्र ग्राह्य धरा म्हणून सरकारनंच लिहिलंय. मी सरकारच्या पुढं शहाणपणा करू का?"

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि कीर्तीला तेच जास्त लागलं. तिनं टेबलावरची एक कोरी बाटली उचलली.

"मी नमुना देते. माझ्यावर लावा."

"तुमचा?"

"मी कुठलंही औषध घेत नाही. खसखससुद्धा खाल्लेली नाही. चैताली, चल माझ्याबरोबर. नियमाप्रमाणं बाईसमोरच नमुना झाला पाहिजे."

बाथरूमच्या दारात चैताली हळूच म्हणाली, "मॅडम, मी पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं होतं. स्टिकर लाल झालेलं होतं. त्यांनी मला ब्लेड दिलं, खरवड म्हणाले." तिनं मागं वळून बघितलं. "माझं नाव येऊ देऊ नका. घरात मी एकटीच कमावते."

"तू आत्ता फक्त चाचणी नीट कर. नावाचं नंतर बघू."

या पट्टीची भाषा उलटी असते. रेघ उमटली तर माणूस स्वच्छ, उमटली नाही तर दोषी; म्हणून उष्णतेनं बिघडलेली पट्टी स्वच्छ माणसालाही दोषी ठरवते. वरची एक रेघ पट्टी ओली झाली एवढंच सांगते. खरा निकाल खालच्या रेघांत असतो, एकेका अमलाची एकेक. चैतालीनं थेंब टाकले. तिघंही पट्टीवर वाकून उभे राहिले. वरची रेघ आली. मग गांजाची आली, दुसऱ्या दोन आल्या. अफूच्या जागी काहीच नव्हतं. पाच मिनिटं झाली, सात झाली. जागा पांढरी ती पांढरीच.

रजिस्टरात बहुतेक दोषी ज्या खोक्यातल्या पट्ट्यांवर नोंदले होते, त्याच खोक्यातली पट्टी कीर्तीनं काढायला लावली होती; तिला हेच अपेक्षित होतं.

हत्तुरेंनी मोबाईल काढून पट्टीचा फोटो घेतला. आवाज अगदी मऊ ठेवून म्हणाले, "मॅडम, आता हे रजिस्टरला लिहायचं का? की दोघांनी विसरून जायचं?"

त्यांना काय म्हणायचंय ते तिला कळलं. किट खरं मानायचं तर तपासणीला आलेली अधिकारीच अफू घेते. ती गप्प राहिली तर तेही गप्प राहतील. पायऱ्यांवरची माणसं मात्र चार वाजता चोर ठरतील.

तिनं रजिस्टर ओढून घेतलं. दोनशे चौदाव्या ओळीखाली दोनशे पंधरा आकडा घातला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: कीर्ती शिवशरण, तपासणी अधिकारी, अफू, पॉझिटिव्ह. पुढं सही, तारीख, वेळ: बारा वाजून दहा मिनिटं.

"तुमचीही सही करा डॉक्टर."

हत्तुरेंचा चेहरा उतरला. सही न करता ते फोन कानाला लावून बाहेर गेले. दोन मिनिटांत कीर्तीचा फोन वाजला. आवाज नीट यावा म्हणून ती पुढच्या व्हरांड्यात गेली.

"शिवशरण, हे काय ऐकतोय मी?" बिराजदारांचा आवाज चढला होता. "तुमचाच रिपोर्ट पॉझिटिव्ह?"

"सर, किट खराब आहेत. म्हणून तर..."

"ते ठरवणाऱ्या तुम्ही कोण? ज्या बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, तिनं तपासणी कशी करायची? निघा तिथून. मी दुसरं कुणाला तरी पाठवतो."

"कधी पाठवता सर? चारला सुनावणी आहे."

"सुनावणी आपला विषय नाही. तातडीच्या आदेशावर आपला अधिकार चालत नाही."

कीर्तीनं पर्समधून आदेशाची प्रत काढली. रात्री तिनं ती तीनदा वाचली होती. "सर, कलम सहा. शिथिल केलीय ती निविदेची अट. 'देखरेखीचे नियम लागू राहतील', असं लिहिलंय. दोषी नमुन्यांच्या दुसऱ्या बाटल्या मी सील करते, त्यात माझीही घालते. सगळ्या एकत्र पुण्याला जाऊ द्यात."

बिराजदार म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर. मी सांगितलं म्हणून कुठं लिहू नका," आणि फोन ठेवला.

ती परत आली तर खोलीत कुणी नव्हतं. कोपऱ्यातल्या फ्रीजरचं दार नीट लागलं नव्हतं, फटीतून थंड वाफ बाहेर येत होती. तिनं दार उघडलं. नियमाप्रमाणं प्रत्येक चालकाचा नमुना दोन बाटल्यांत घेतात. एक तपासतात, दुसरी त्याच्या सहीची पट्टी लावून गोठवून ठेवतात, वाद झालाच तर असावी म्हणून. त्यातल्या दोषी ठरलेल्या चालकांच्या बाटल्यांचा कप्पा रिकामा होता.

"मॅडम!" मागच्या बाजूनं चैतालीचा आवाज आला. आता तो हळू नव्हता. "मॅडम, पिवळ्या पिशवीत घातल्यात! कचऱ्याची गाडी आलीय मागं!"

कीर्ती धावली. मागच्या बोळात दवाखान्यांचा कचरा गोळा करणारी बंद गाडी उभी होती. हत्तुरे चालकाला "चल, चल" म्हणत होते. गाडी सुरू झाली. कीर्ती हात वर करून ओरडली, पण गाडीच्या घरघरीत तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

चैतालीची हाक मात्र पुढच्या पायऱ्यांपर्यंत पोचली होती. बोळाच्या तोंडाशी मायाक्का आली. पिशवीत काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आपल्या माणसाचं काहीतरी त्या गाडीतून चाललंय, एवढंच तिला उमगलं. ती सरळ गाडीपुढं जाऊन उभी राहिली. गाडीनं हॉर्न दिला. ती हलली नाही. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. तोवर सिद्धाप्पा आणि बाकीचे चालक तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले होते.

"घाल अंगावर!" मायाक्का ओरडली. "घाल की! पर त्ये खाली ठेवल्याबिगर हितनं जायाचं न्हाय!"

गाडीचा चालक घाबरून खाली उतरला. "बाई, मला काय माहीत? पिशवी दिली, मी घेतली."

सिद्धाप्पा दात-ओठ खात हत्तुरेंकडे निघाला. कीर्तीनं त्याला मध्येच अडवलं.

"बंडगर, एक बोटसुद्धा लावायचं नाही. तुम्ही हात उगारलात तर चार वाजता तेवढंच सांगतील."

त्याच्या मानेची शीर उडत होती. एक-दोन क्षण तो ऐकेल की नाही, हे तिला कळेना. मग त्यानं दोन्ही हात मागं बांधून घेतले.

पिशवी रस्त्यावर उतरवून सगळ्यांच्या देखत उघडली. बाटल्या अजून बर्फासारख्या थंड होत्या, सहीच्या पट्ट्या शाबूत होत्या. कीर्तीनं एकेक नाव मोठ्यानं वाचलं, चैतालीनं लिहून घेतलं. सदतीस भरल्या. अडतिसावी कीर्तीची, तिच्याच नमुन्यातून भरलेली. सगळ्या परत फ्रीजरमध्ये गेल्या, दारावर कागद चिकटवला, त्यावर कीर्तीची सही, तीन चालकांच्या सह्या आणि शिक्का. पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून कोण, असं विचारल्यावर चैतालीनं पेन घेतलं. हत्तुरे तिच्याकडे बघत होते. तिनं पूर्ण नाव लिहिलं.

फ्रीजरपाशी दोन चालकांना पहाऱ्याला बसवून कीर्ती सिद्धाप्पाबरोबर सुनावणीला निघाली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुमच्या कार्यालयाचं पत्र कुठं आहे?"

"पत्र नाही मॅडम. रजिस्टरची प्रत आहे, पंचनामा आहे. शेवटची ओळ वाचा."

त्यांनी ओळ वाचली. वर बघितलं, पुन्हा वाचली. "हे तुमचंच नाव?"

"हो. हे किट खरं असेल तर आधी मला निलंबित करा. मग यांच्याकडे वळा."

अधिकारी बाईंनी बराच वेळ पेन फिरवलं. शेवटी फायलीवर लिहिलं: पुण्याचा अहवाल येईपर्यंत सर्व सदतीस प्रकरणं स्थगित.

दुसऱ्या दिवशी नमुने पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत रवाना झाले. अहवाल यायला नऊ दिवस लागले.

ते नऊ दिवस कीर्तीला कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं. हत्तुरेंनी काढलेला फोटो कार्यालयाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला होता. रोज तिच्या डब्यातली शेंगाचटणी मागून घेणाऱ्या मैत्रिणीनं दोन दिवस फोन केला नाही, तिसऱ्या दिवशी केला आणि इकडचं-तिकडचं बोलली. घरी तिची आई मीनाबाई होती. बत्तीस वर्षं दवाखान्यात आया म्हणून राबलेली, कुणाच्या बापाला न भ्यालेली बाई. सगळं ऐकून तिनं लेकीच्या पाठीवर हात फिरवला होता. पण पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता, तव्याकडे बघत तिनं विचारलं, "कीर्ती, खोकल्याचं औषध वगैरे घेतलं नव्हतंस ना गं?"

कीर्तीनं ताट बाजूला सरकवलं. "आई, तूसुद्धा?"

"तसं नव्हे गं. आपलं विचारलं."

त्या दुपारी कीर्ती गच्चीवर जाऊन एकटीच बसली. कागदावर एक शब्द लिहिला गेला की सख्ख्या आईलाही क्षणभर शंका येते. मग गावात सिद्धाप्पाकडे लोक कसे बघत असतील? तिला स्वतःच्या धाडसाचा अभिमान वाटायला हवा होता. वाटत होती ती भीती. पुण्यातही काही चुकलं तर? गाडीत घालवलेल्या तेवढ्या वेळात नमुने वितळले असतील तर?

दहाव्या दिवशी सकाळी फोन आला तो चैतालीचा. 'अचूक'नं तिला काढून टाकलं होतं. पण तिची एक मैत्रीण पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत होती. "मॅडम, निघालाय अहवाल. तुम्ही स्वच्छ. चौतीस जण स्वच्छ."

"आणि बाकीचे तीन?"

"ते खरे आहेत."

तीन खरे होते. म्हणजे चाचणी हवीच होती, फक्त खरी हवी होती. "बंडगर?" कीर्तीनं विचारलं.

"चौतिसांत आहेत मॅडम."

तातडीचा आदेश मागं घेतला गेला, उरलेले किट जप्त झाले, 'अचूक'ची मान्यता स्थगित झाली आणि पुरवठादाराची चौकशी लागली. कीर्ती कामावर परतली, पण अधिकार ओलांडल्याबद्दल खुलासा मागणारी नोटीस तिच्या टेबलावर आधीच येऊन पडली होती. नोटिशीवर सही बिराजदारांची. त्याच दिवशी त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "नवीन किटच्या आदेशाचा मसुदा तुम्हीच करा. प्रत्येक खोकं आधी कंट्रोलवर तपासायची अट घाला." नोटिशीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. तिनंही तो विषय काढला नाही. मसुदा आणि खुलासा तिनं एकाच दुपारी लिहून दिले.

निर्दोष ठरल्याची पत्रं घ्यायला चालक एकेक करून येऊन गेले. सिद्धाप्पा आणि मायाक्का सगळ्यांत शेवटी आले. कंपनीनं त्याला सोमवारपासून बोलावलं होतं.

मायाक्कानं पत्र उलटसुलट करून बघितलं आणि कीर्तीपुढं धरलं. "ताई, काय लिवलंय त्ये मोठ्यानं वाचा."

कीर्तीनं वाचलं.

"ह्यांचं नाव हाय तितनं परत."

कीर्तीनं परत वाचलं. शेजारच्या टेबलांवरची माणसंही काम थांबवून ऐकत होती.

"ह्याच्या आनखी दोन प्रती द्या," मायाक्का म्हणाली. "एक गावात पंचायतीच्या फळ्यावर लावनार. एक घरात ऱ्हाईल. आन् एक आमच्या प्रियंकाला बघून गेलेल्या पावन्यांकडं धाडनार. ह्यांचं कानावर गेल्यापास्नं त्यांनी फोनच उचलला न्हाय."

"त्यांना कशाला?" सिद्धाप्पा चिडून म्हणाला. "एका कागदावर पळालेली मानसं. दुसऱ्या कागदावर परत आली, तर तसल्यांच्या घरात पोर देनार हायस व्हय?"

"न्हाय देनार," मायाक्का म्हणाली. "येऊबी नगंत. पर वाचू देत की."

सिद्धाप्पानं होकाराची मान हलवली. कीर्ती पत्र घेऊन उठली आणि झेरॉक्सच्या मशीनकडे गेली.